उत्तर ध्रुवावरून प्रूफ तपासताना

विमानात पैसे मोजून इंटरनेट घ्यावे की नाही, हा प्रश्न सप्टेंबरच्या आधी मला कधी पडला नव्हता. आमच्या छोट्या दिवाळी अंकाचे मुद्रितशोधन मी गेली अनेक वर्षे करतो. मुलगी सिएटलजवळच्या रेडमंडला असते आणि तिच्याकडे जाण्याची तारीख अनंत चतुर्दशीनंतर दोनच दिवसांनी ठरली. अंक १६० पानांचा, म्हणजे सोळा पानी दहा फर्म्यांचा; फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी पाने. निघेपर्यंत आठ फर्मे छापून झाले होते आणि नववा व दहावा राहिला होता. छापखानेवाले म्हणाले, "सर, काळजी करू नका, आता विमानातही नेट असतं. प्रूफ तिकडेच पाठवतो." या एका वाक्यामुळे पुढचे दोन आठवडे मी विमानातील इंटरनेटचा गिऱ्हाईक झालो.

पहिला दिवस : पुणे ते आखात

संध्याकाळी निघालो तेव्हा रस्त्यावर मांडवांचे बांबू अजून आडवे पडलेले होते. मुंबईहून पहाटे साडेचारला सुटणारे विमान आखातातील एका विमानतळावर उतरवणार होते आणि तिथून पुढे सिएटल. तिकिटे मुलीने काढली होती आणि त्यात कुठेही अडले नाही.

या तीन तासांच्या टप्प्यात मला फक्त तालीम करायची होती. कंपनीच्या सभासदांना केवळ मजकूर पाठवण्यापुरते इंटरनेट फुकट होते. सभासदत्वही फुकटच, म्हणून मी हवेतच अर्ज भरला. अर्ज पक्का करण्यासाठी एक आकडा माझ्या ईमेलवर आला, आणि ईमेल उघडण्यापुरते इंटरनेट मिळण्यासाठी आधी तो आकडा भरणे आवश्यक होते. हा घोळ माझ्या ध्यानात येईपर्यंत विमान उतरायला लागले होते. शेजारी बसलेल्या पत्नीने एवढेच विचारले, "अहो, पहाटे पाच वाजता तुम्ही निरोप पाठवणार तरी कुणाला होतात?"

तेव्हा ज्या कंपनीच्या विमानाने जायचे, तिचे सभासदत्व घरी बसून, निघण्याच्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवावे. त्याच वेळी बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डावर परदेशातील व्यवहार सुरू आहेत ना, तेही पाहावे, कारण नव्या कार्डांवर ते आपण सुरू केल्याशिवाय चालत नाहीत.

दुसरा दिवस : चौदा तास

आखातातून विमान सुटले तेव्हा तिथे साडेनऊ आणि पुण्यात अकरा वाजले होते, म्हणजे छापखाना नुकता उघडला होता. खिडकीशी पत्नी, मध्ये मी आणि पलीकडे मालवणचा एक तरुण. तो व्यापारी जहाजावर सेकंड इंजिनियर असून टकोमा बंदरात उभ्या असलेल्या जहाजावर रुजू व्हायला चालला होता. सामान वर ठेवून होताच त्याने पिशवीतून घरचे खाजे काढून आमच्यापुढे धरले. गुळाच्या पाकात आले जरा सढळ हाताने पडलेले होते आणि त्यामुळे ते फारच छान लागत होते.

पूर्ण प्रवासाच्या इंटरनेटचे वीस डॉलर, म्हणजे आपले सतराशे रुपयांच्या पुढे. एका तासाचे दहा. चौदा तासांच्या प्रवासात तासाचे कोण घेईल, असा हिशेब करून मी पूर्ण घेतले. पहिल्या कार्डाने ओटीपी मागितला. तो एसएमएसने येणार आणि विमानात एसएमएस येत नाही, त्यामुळे तो व्यवहार तिथेच संपला. दुसऱ्या बँकेच्या कार्डाने काही न विचारता पैसे कापून घेतले. याचे समाधान मानावे की काळजी करावी, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दोन कार्डे जवळ असू द्यावीत, एवढे मात्र निश्चित.

नवव्या फर्म्याची फाइल ४२ एमबीची होती. ती निम्म्यापर्यंत उतरे, थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. तिसऱ्यांदा असे झाल्यावर शेजारच्या तरुणाने माझा फोन मागून घेतला आणि म्हणाला, "काका, आधी तां बॅकअप बंद करा, मगे बघा." अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीचे शेकडो फोटो आणि चित्रफिती माझा फोन माझ्याच पैशांनी गुपचूप ढगात चढवत होता. त्याने तेही बंद केले, अॅपांची आपोआप होणारी अद्ययावतीही बंद केली, आणि जहाजावर पूर्वी ठरावीक एमबीची कार्डे विकत मिळत, तेव्हा ही सवय अंगी लागली असे सांगितले. घरी बोलायचे तर एक कार्ड, सामन्याचा स्कोअर पाहायचा तर दुसरे. एखाद्या नवख्याच्या फोनने रात्री स्वतःला अद्ययावत करून घेतले की सकाळी त्याचे कार्ड रिकामे झालेले असे.

हे विमान आणि त्याचे जहाज यांत इंटरनेटच्या दृष्टीने फारसा फरक नाही, हेही त्यानेच समजावून दिले. विमानाच्या पाठीवर शेपटीच्या पुढे जो उंचवटा दिसतो, त्याच्या आत उपग्रहाकडे तोंड करून बसलेला अँटेना असतो. तो उपग्रह विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर स्थिर असल्यासारखा असतो. आपला प्रश्न तिथवर जाऊन जमिनीवर उतरायचा आणि उत्तर त्याच वाटेने परत यायचे, म्हणजे प्रत्येक फेरीला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ जाणारच. मजकुराला त्याने काही बिघडत नाही. एकेक वेब-पान मात्र उघडताना अशा कितीतरी फेऱ्या मारते, त्यामुळे ते रखडते, आणि तेवढ्याच झोताला तीनशे प्रवाशांची तोंडे लागलेली असतात. आपल्या सरकारने २०१८ साली केलेल्या नियमांतही विमान आणि जहाज एकत्रच आहेत आणि त्यांचे नावच 'फ्लाइट अँड मेरिटाइम कनेक्टिव्हिटी रूल्स' असे आहे. तोपर्यंत परदेशी विमानांनाही भारताची हद्द लागली की ही सेवा बंद करावी लागे. त्या नियमांनी तीन हजार मीटरच्या वर ती चालू ठेवायला परवानगी दिली.

फाइलचा नाद सोडून मी छापखान्याला प्रत्येक पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायला सांगितले. मग काम सुरू झाले. पान १३१, परिच्छेद दोन, ओळ चार : 'परिक्षा' नव्हे, 'परीक्षा'. पान १३४, शेवटची ओळ : 'उज्वल' नव्हे, 'उज्ज्वल'. पलीकडून प्रत्येक वेळी 'ओके सर'. आखात केव्हाच मागे टाकून विमान रशियावरून उत्तरेला चालले होते आणि पुण्यातल्या छापखान्यातील संगणकावर माझ्या सांगण्यानुसार वेलांट्या बदलत होत्या. त्या तासाभरात मला वीस डॉलर अगदी क्षुल्लक वाटले. सोळापैकी पंधरा पाने हातावेगळी झाली. पान १३७ तेवढे राहिले. त्याच्या जागी धुरकट चौकोन दिसत होता आणि वर चक्र फिरत होते. त्या पानावर एका कथेची सुरुवात होती आणि मोठ्या अक्षरांत तिचे शीर्षक.

मी लिहिले, "१३७ पुन्हा पाठवा." निरोपाशेजारी घड्याळाची खूण उमटली आणि तशीच राहिली.

पुण्यात तेव्हा सव्वापाच झाले होते. समोरच्या पडद्यावर नकाशात विमान सरळ वर चाललेले दिसत होते. आपल्याला वाटते की अमेरिकेला जायचे म्हणजे पश्चिमेला जायचे. पण आखात आणि सिएटल हे पृथ्वीच्या जवळजवळ एकमेकांसमोरच्या रेखांशांवर आहेत, त्यामुळे सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या शेजारून जाते. विषुववृत्तावरचा उपग्रह उत्तरेला जावे तसा क्षितिजाकडे कलत जातो आणि साधारण ८१ अंशांच्या पुढे तो क्षितिजाखालीच गेलेला असतो. प्रत्यक्षात त्याच्या बरेच आधी, पंचाहत्तरीच्या आसपासच, संबंध तुटतो. मालवणचा तरुण झोपेतून जागा होऊन म्हणाला, "काका, आता तीन-साडेतीन तास विसरा." आणि पुन्हा झोपला. विकत घेताना दाखवलेल्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत 'ध्रुवीय प्रदेशात सेवा उपलब्ध नसेल' असे होते, हे मी नंतर वाचले. आयुष्यभर दुसऱ्यांची बारीक अक्षरे वाचून पोट भरणाऱ्या माणसाने हे कबूल करणे सोपे नाही.

केबिनमध्ये अंधार केलेला होता. पत्नीने खिडकीची झडप बोटभर वर केली आणि माझ्या कोपराला हात लावला. बाहेर सूर्य होता, पण मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही वेळेचा नव्हता. सप्टेंबरच्या त्या दिवसांत तो तिथे मावळत नाही आणि वरही चढत नाही. क्षितिजाच्या जरा वर राहून तो चोवीस तास आडवा फिरत असतो. खाली बर्फाचे तक्ते, त्यांच्यामधल्या काळ्या भेगा आणि प्रत्येक उंचवट्याची लांबच लांब पडलेली सावली. तिने हातातले जपाचे स्मरणी-यंत्र खाली ठेवले होते. बराच वेळ आम्ही त्या बोटभर फटीतून आळीपाळीने पाहत राहिलो आणि मधल्या काळात मी फोन किती वेळा पाहिला, हे मी तिच्यापासून लपवले, असे मला वाटत होते.

पुण्याच्या घड्याळाने नऊ वाजता, कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांवर, फोन एकाएकी थरथरू लागला. निरोप एकामागून एक उतरले. "पाठवलं सर." "मिळालं का?" "सर, चालवू का?" "मशीनवाले थांबलेत." "सर?" आणि साडेसातचा शेवटचा : "तुम्ही गप्प आहात म्हणजे होकार समजतो. लावलं." त्यांच्याखाली पान १३७ आता स्पष्ट उघडले. शीर्षकाच्या जागी छत्तीस पॉइंटच्या ठसठशीत अक्षरांत छापलेले होते : 'आर्शीवाद'.

स्थानिक वेळेनुसार त्याच दिवशी दुपारी एकला आम्ही सिएटलला उतरलो. विमानतळावर मुलगी भेटली, तेव्हा माझे पहिले वाक्य "रफार चुकला" हे होते.

तिसरा ते अकरावा दिवस : सिएटल आणि रेडमंड

हवा आपल्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळीसारखी होती. ऊन स्वच्छ होते आणि सिएटलचा प्रसिद्ध पाऊस आमच्या वाट्याला दोनच दिवस आला. घरामागच्या पायवाटेवर ब्लॅकबेरीच्या जाळ्या माजलेल्या होत्या. करवंदे तोडण्याच्या सवयीने पत्नीने पहिल्याच फेरीत डबा भरला आणि बोटे ओरबाडून घेतली. पाइक प्लेस मार्केट हा १९०७ सालापासूनचा बाजार आम्ही दोनदा पाहिला, कारण पहिल्यांदा मासळीवाल्यांची फेकाफेक पाहण्यातच वेळ गेला.

विमानांचे संग्रहालय मात्र मी ठरवून पाहिले. तिथे पहिले ७४७ उभे आहे, ज्याने ९ फेब्रुवारी १९६९ रोजी पहिले उड्डाण केले. विमानातील इंटरनेटचा उद्योगही याच गावात जन्मलेल्या, विमाने बांधणाऱ्या बोइंगने सुरू केला होता. 'कनेक्शन बाय बोइंग' या नावाची ही सेवा मे २००४ मध्ये लुफ्तान्साच्या म्युनिक–लॉस एंजेलिस विमानात सुरू झाली. लांबच्या प्रवासाला ती २९.९५ डॉलर घेत असे आणि पुरेसे गिऱ्हाईक न मिळाल्याने २००६ अखेर बंदही पडली. तेव्हा लोकांच्या हातात स्मार्टफोन नव्हते. लॅपटॉप उघडून, बॅटरी सांभाळत, तीस डॉलर देणारा प्रवासी शेकड्यात किती निघणार? दोन वर्षांनी, २००८ साली, गोगो या सेवेने अमेरिकेत जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून विमानांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली; ते स्वस्त पडे, पण समुद्र आला की संपे. त्या भव्य विमानाखाली उभे असताना मी या सेवेची एखादी खूण शोधत होतो. ती मला दिसली नाही.

रेडमंडला मुलीच्या घरापासून मोटारीने थोड्याच अंतरावर स्टारलिंक या उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या सेवेचे उपग्रह तयार होतात. हे उपग्रह जेमतेम पाचशे-साडेपाचशे किलोमीटर उंचीवरून फिरतात, त्यामुळे ती अर्ध्या सेकंदाची रखडपट्टी जवळपास संपते, आणि त्यांतील काहींच्या कक्षा ध्रुवांवरून जातात. कतार एअरवेजने ऑक्टोबर २०२४ मध्ये दोहा–लंडन विमानात ही सेवा सुरू केली, तीही प्रवाशांना फुकट. अमेरिकेत जेटब्लू आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून डेल्टा देशांतर्गत प्रवासात इंटरनेटचे पैसे घेत नाहीत. डेल्टाची अट एवढीच की सभासद व्हावे. आपल्याकडे एअर इंडियाने १ जानेवारी २०२५ रोजी काही निवडक विमानांत देशांतर्गत मार्गांवर ती सुरू केली आणि सुरुवातीला फुकटच दिली. विमानांतील इंटरनेट डोळ्यांपुढे ठेवून इस्रोने बांधलेला जीसॅट-एन२ हा ४,७०० किलोचा उपग्रहही नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतून वर गेला आहे. तेव्हा तिकिटाच्या वेळी विमान कोणते आहे आणि त्यात कोणती सेवा आहे, हे पाच मिनिटे खर्चून पाहावे. एकाच कंपनीच्या दोन विमानांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

जावई माझे वीस डॉलरचे गाऱ्हाणे ऐकून हसले आणि त्यांनीच परताव्याचा अर्ज भरून दिला. चार दिवसांनी उत्तर आले. त्यात त्या बारीक अक्षरांच्या ओळीचा क्रमांक दिलेला होता.

बारावा आणि तेरावा दिवस : परतीची वाट

परतताना फ्रँकफर्टमार्गे यायचे होते आणि विमान कंपनीही वेगळी होती. राहिला होता दहावा फर्मा. त्यात अनुक्रमणिका आणि जाहिराती असतात आणि जाहिराती शेवटच्या दिवसापर्यंत येत राहतात, म्हणून तो नेहमी शेवटी जातो. या वेळी मी आदल्या रात्री कागदावर वेळा मांडल्या. सिएटलहून दुपारी अडीचला निघायचे, म्हणजे पुण्यात पहाटेचे तीन. छापखाना दहाला उघडतो, म्हणजे उड्डाणानंतर सात तासांनी. त्याआधी कितीही इंटरनेट घेतले तरी पलीकडे कुणी जागे नाही. मार्ग ग्रीनलंड आणि आइसलंडच्या बाजूने होता, ध्रुवावरून नव्हता. छापखान्याला मी बजावले की रंगीत फाइल नको, कृष्णधवल आणि एक एमबीच्या आतबाहेर करून ईमेलने पाठवा, आणि माझा 'चालवा' हा शब्द आल्याशिवाय मशीन लावू नका. गप्प म्हणजे नकार.

पहिले सात तास मी जेवलो आणि झोपलो. शेजारी एक जर्मन आजी विणकाम करत होत्या. भाषेची अडचण असल्याने आम्ही एकमेकांकडे पाहून अनेकदा हसलो. पुण्यात दहा वाजून पाच मिनिटे झाल्यावर मी एका तासाचे इंटरनेट घेतले. या कंपनीतही दर दहा डॉलरच होता. बॅकअप बंद केलेला होता आणि लॅपटॉप बाहेरही काढला नाही, कारण एका शुल्कात एका वेळी एकच उपकरण चालते.

फाइल चार मिनिटांत उतरली. अनुक्रमणिकेत दोन पृष्ठांक चुकले होते. पान १५८ वर आमच्या अंकाला दरवर्षी जाहिरात देणाऱ्या मिठाईवाल्यांची अर्ध्या पानाची जाहिरात होती : वर पणत्या, मध्ये 'शुद्ध तुपातील फराळ' आणि खाली घरपोच मागणीसाठी भ्रमणध्वनी क्रमांक. मी सवयीने बोट ठेवून आकडे मोजले. नऊ निघाले. पुन्हा मोजले. नऊच. आठ हजारांच्या त्या जाहिरातीचे बिल त्यांनी या क्रमांकावर दिले असते, असे मला वाटत नाही. छापखान्याने मूळ कागद शोधून राहिलेला आकडा टाकला आणि पान पुन्हा पाठवले. मी आकडे तिसऱ्यांदा मोजले आणि 'चालवा' लिहिले. दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. तासातली एकोणीस मिनिटे शिल्लक होती. ती मी पत्नीला दिली आणि तिने त्यात बहिणीला विचारून घेतले की तुळशीला पाणी कोण घालते आहे.

फ्रँकफर्ट ते मुंबई या टप्प्यात मी काही घेतले नाही. सांगायचे ते सांगून झाले होते.

घरी

अंक तयार होऊन गठ्ठे घरी आले, तेव्हा बैठकीच्या खोलीत शाईचा वास भरून राहिला. दहावा फर्मा निर्दोष आहे, निदान अजून तरी कुणी चूक दाखवलेली नाही. नवव्यातील पान १३७ मी उघडायचे टाळत होतो. पण त्या कथालेखिकेला पाच प्रती पाठवायच्या होत्या. मी काळ्या शाईचे पेन घेतले, 'शी' वरचा रफार पांढऱ्या शाईने पुसला आणि 'वा' वर ओळखू येणार नाही इतक्या बेताने नवा रफार बसवला. पहिल्या प्रतीत तो जरा तिरका झाला. पाचवीत छापल्यासारखा आला. तीच प्रत मी सर्वांत वर ठेवून पाकीट बंद केले.